जवळचा दवाखाना सोडून

तुमच्या घरातल्या बाईचा हात मोडला, तर तिला कुठल्या दवाखान्यात न्याल? विचार करत बसू नका, सरळ सांगा. जवळच्याच ना? हाड वर आलंय, बाई किंचाळतेय, अशा वेळी गाव पालथं घालत कोण फिरेल? मग मला सांगा, शहराच्या एका टोकाला जिन्यावरून पडलेली बाई वाटेतले दोन सरकारी दवाखाने ओलांडून पार दुसऱ्या टोकाच्या तिसऱ्यात कशी पोचते?

हा प्रश्न माझ्या डोक्यातला नाही. मी सातवीपर्यंत शिकले, पुढचं शिक्षण पोलीस चौकीच्या बाकड्यावर झालं. हा प्रश्न एका टायपिस्ट बाईचा. तिला सगळे चाळणी म्हणायचे.

शहरातल्या सहा सरकारी दवाखान्यांच्या अपघात विभागांतून रोज पिवळ्या चिठ्ठ्या निघतात. चिठ्ठीवर नाव नसतं. ओळखपत्राचा नंबर, वय, राहण्याचा वॉर्ड, काय लागलं आणि कशानं लागलं, एवढंच. या चिठ्ठ्या मुख्य कार्यालयाच्या तळघरात येतात. तिथे चार टेबलं, एक घरघरणारा पंखा आणि भिंतीला सतत ओल. तिथे बसून ही बाई नऊ वर्षं शहराची मोडलेली हाडं संगणकावर टाईप करत होती. अकरा लाख चाळीस हजार ओळी. बाकीचे टायपिस्ट समोर येईल ते बडवायचे. ही अडायची. एकदा उठून हेडक्लार्कसमोर चिठ्ठी धरली. "साहेब, वय सत्तर, पुरुष, कारण बाळंतपण. अभिनंदन कुणाचं करू?" हेडक्लार्क वैतागला. "तू टायपिस्ट आहेस की चाळणी?" तेव्हापासून ते नाव चिकटलं. तिला राग आला नाही. म्हणाली, "चाळणीच बरी. खाली काय पडतं ते सगळे बघतात. वर काय अडकतं ते बघणारं कोणी हवं."

मार खाणाऱ्या बायकांसाठी आमची एक संघटना आहे; तिथे ती माझ्याकडे आली ती थोरल्या बहिणीच्या मरणानंतर. आई लवकर गेली, तेव्हा थोरलीनंच हिला वाढवलं होतं. थोरलीचा नवरा, हिचा दाजी, लिफ्ट दुरुस्त करणारा. गोड बोलायचा, शेजाऱ्यांची पाण्याची पिंपं उचलून द्यायचा. एके दिवशी थोरली जिन्यावरून पडून मेली. कवटी मागून फुटली होती. शवागारात चाळणीनं चादर बाजूला केली आणि आधी बहिणीचे तळवे बघितले.

"पडणारा माणूस तळवे टेकतो," ती मला म्हणाली. "तिचे तळवे कोरे होते. मनगटापासून कोपरापर्यंत बाहेरची बाजू मात्र काळीनिळी. डोक्यावर हात घेतले की मार कुठे बसतो, तुम्हाला माहीत असेल."

मला माहीत होतं. माझ्या दोन्ही हातांना ते माहीत होतं.

मी तिला घेऊन चौकीत गेले. फौजदार म्हणाला, "माणूस सज्जन आहे हो, रडून रडून डोळे सुजलेत त्याचे." मी टेबलावर हात आपटला, काच तडकली, आणि आमची तक्रार राहिली बाजूला, माझ्यावरच सरकारी मालमत्तेचं कलम लागलं. वर्षाच्या आत दाजीनं दुसरं लग्न केलं. एकविशीची पोर होती ती. चाळणीनं तिला एकदाच, लांबून, बस स्टॉपवर पाहिलं. भर उन्हात पूर्ण बाह्यांचा सदरा. ती दुसरी अजून जिवंत होती. इथून पुढे चाळणीनं जे केलं, ते त्या एका 'अजून'साठी.

मी म्हणाले, "चल, आत्ता जाऊ. पाय मोडू त्याचे."

"मोडाल. मग?"

"मग काय, मोडलेले राहतील."

"आणि ती पोर त्याची सेवा करत बसेल. दोन महिन्यांत पाय जुळतील, मग तो हिशेब चुकता करेल. कुणावर?"

मी पायात घातलेली चप्पल परत काढली. मला गप्प करणारी माणसं कमी.

"मला तो माझ्या रागातून सापडायला नको, ताई," ती म्हणाली. "लोक म्हणतील, मेहुणीचा राग. त्याचं नाव मी हातानं यादीत घालणार नाही. अकरा लाखांतून तो आपण होऊन वर आला पाहिजे. चाळणीला मेहुणा नसतो."

तिनं आधी बहिणीच्या ओळखपत्राचा नंबर मशीनमध्ये टाकला. चार नोंदी निघाल्या. चार वेळा 'पडून', चार वेगवेगळे दवाखाने, घराजवळचा एकही नाही. प्रत्येक ओळीच्या शेवटी टाईप करणाऱ्याचा क्रमांक असतो. दोन ओळींच्या शेवटी सतरा होता. सतरा म्हणजे ती स्वतः. चिठ्ठीवर नाव नसतं ना. बहिणीची मोडलेली बरगडी आणि निखळलेला जबडा तिनं स्वतःच्या बोटांनी 'पडून' म्हणून टाईप केला होता, आणि मग डबा खाल्ला होता. हे सांगताना तिचा आवाज हलला नाही. हात मात्र ओढणीचं टोक पिळत होते, पिळत होते, शेवटी ते फाटलं.

त्यानंतर जेवणाच्या सुट्टीत ती शिकायला लागली. रद्दीतून आणलेलं संख्याशास्त्राचं पुस्तक, पहिली वीस पानं गायब. हेडक्लार्क मागे आला की ती पडद्यावर पत्त्यांचा खेळ पुढे करायची. तळघरात सगळेच पत्ते खेळायचे, त्यामुळे तिची गणना अखेर माणसांत झाली.

तिनं त्या ओळींना तीनशे प्रश्न विचारले. कुठल्या वारी, कुठल्या वयात, डावा हात की उजवा, पगाराच्या आधी की नंतर. पंधरा प्रश्नांनी मान डोलावली. मी उड्या मारायला लागले. तिनं मला खाली बसवलं.

"ढगाकडे बघत बसलं की हत्ती दिसतोच. ओळी अकरा लाख आणि प्रश्न तीनशे, मग पंधरा हत्ती फुकट मिळतात. त्यातला खरा कुठला ते ओळखायचं कसं?"

"कसं?"

"दुसऱ्या ढगात बघायचं."

तिनं नऊपैकी चार वर्षांच्या नोंदी वेगळ्या काढल्या, त्यांना कुलूप लावलं, परवलीचा शब्द माझ्याकडून टाकून घेतला. म्हणाली, "मला सांगू नका. मी आधी पाच वर्षांत शोधणार. जे सापडेल ते या चारांत टिकतं का बघणार. आधीच डोकावले तर ती परीक्षा नाही, कॉपी."

पाच वर्षांतून जे वर आलं, ते मी तुम्हाला सुरुवातीलाच विचारलं. मारहाणीनं मेलेल्या, किंवा शेवटी तोंड उघडून 'मारलं' म्हणालेल्या शंभर बायकांमागे बासष्ट आधी कधीतरी 'पडून' म्हणून लांबच्या दवाखान्यात गेल्या होत्या. एरवी पडणाऱ्या शंभर बायकांत असं लांब जाणाऱ्या फक्त तीन. कारण साधं आहे. जवळच्या दवाखान्यातली नर्स तोंड ओळखते. लांबच्या दवाखान्यात बाई दर वेळी पहिल्यांदाच पडलेली असते.

आणि इथे मी माती खाल्ली. मी ऐकलं बासष्ट. माझ्या डोक्यात ते वाक्य उलटं होऊन बसलं: लांब जाणाऱ्या शंभरातल्या बासष्ट जणी मार खाताहेत. चाळणी म्हणत होती, "थांबा, अजून कुलूप उघडायचंय." पण तपासणीसाठी तिनं अकरा बायकांची नावं-पत्ते वरच्या मजल्यावरच्या कपाटांतून उतरवून आणले होते. तो कागद मी तिच्या पिशवीतून काढून घेतला. विचारलं नाही. आजही लिहिताना लाज वाटते, म्हणूनच लिहितेय.

पहिलं घर वेल्डरचं होतं. बायको वर्षात तीनदा लांबच्या दवाखान्यात 'पडून'. संघटनेच्या आम्ही सात जणी होतो. सकाळचे दहा. त्यानं दार उघडलं, तोंडात दात घासायचा ब्रश. मी म्हणाले, "बायकोला जिन्यावरून ढकलतोस काय रे?" आणि उत्तराची वाट न बघता लाटणं हाणलं. पहिला घाव कानावर. ब्रश घशाकडे गेला, तो ओकत खाली वाकला. मग बाकीच्या तुटून पडल्या. लाथा, चपला, कुणीतरी खुर्चीचा पाय. त्यानं डोक्यावर हात घेतले. मनगटापासून कोपरापर्यंतची बाहेरची बाजू. ते मला दिसलं. दिसूनही मी अजून दोन मारले.

आतून त्याची बायको तवा घेऊन धावत आली आणि तिनं तो माझ्या कपाळावर घातला. ही खूण त्याची. रक्त डोळ्यांत उतरलं आणि त्यातून मला ती नवऱ्यावर आडवी पडलेली दिसली. "मेल्यांनो, मला फिट येतात! फिट! ह्यांच्या कारखान्याचं कार्ड त्या एकाच दवाखान्यात चालतं! हा मला पाठीवर घेऊन जातो, पाठीवर!"

वेल्डरच्या डाव्या डोळ्याची नजर गेली. वेल्डरची नजर गेली, असं पुन्हा एकदा वाचा. मी माफी मागायला गेले, त्यानं दार उघडलं नाही, आणि त्याचं बरोबरच आहे.

मी चाळीस दिवस आत होते. तिसऱ्या दिवशी चाळणी भेटायला आली. मला वाटलं, शिव्या देईल. जाळीत बोटं अडकवून म्हणाली, "चोरांच्या पायात बहुतेक चप्पल असते. म्हणून चप्पल घातलेला प्रत्येक जण चोर का, ताई?"

"नाही."

"मेलेल्यांतल्या बासष्ट लांब गेल्या होत्या, हे मी म्हणाले. लांब गेलेल्यांतल्या बासष्ट मरतील, हे कोण म्हणालं?"

"मी."

"तुम्ही. मेलेल्या मूठभर असतात. लांब जाणाऱ्या हजारो. कुणाचं कार्ड, कुणाचा भाऊ तिथला वॉर्डबॉय, कुणाला डॉक्टर ओळखीचा. चाळणीची भोकं मोठी होती, म्हणून मी थांबले होते. मी घाबरून नव्हते थांबले."

कागद कुणाचा, हे पोलिसांनी विचारलं तेव्हा तिनं खोटं सांगितलं नाही. तिला मशीनवरून उठवलं आणि वरच्या मजल्यावर जुने केसपेपर लावायला बसवलं. सात महिने. माझ्या एका लाटण्यानं सात महिने खाल्ले.

पण ती वर बसूनही चाळतच राहिली. केसपेपरवर हातानं लिहिलेला एक रकाना असतो, जो पिवळ्या चिठ्ठीवर कधी उतरतच नाही: माहिती कोणी दिली. बाई शुद्धीवर आहे, बोलू शकते, आणि तरी 'माहिती नवऱ्याने दिली'. तिनं लांब जाऊन 'पडलेल्या' बायकांचे कागद उलटायला सुरुवात केली. रोज दोन-अडीचशे, धुळीनं खोकत. सात महिन्यांनी हेडक्लार्कनं नाक मुठीत धरून तिला खाली बोलावलं, कारण तिच्याशिवाय महिन्याचा तक्ता कुणाला जमेना. तिनं कार्डवाल्या बायका वगळल्या. मग तीन खुणा धरल्या: लांबचा दवाखाना, दर वेळी वेगळा, आणि बाई शुद्धीवर असून बोलला नवरा. मग माझ्यासमोर खुर्ची ओढून म्हणाली, "आता शब्द टाका."

मी कुलूप उघडलं. बंद चार वर्षांत तिन्ही खुणांच्या अठ्ठावन्न बायका निघाल्या. त्यांतल्या एक्केचाळीस पुढे मारहाण म्हणून परत आल्या होत्या. किंवा पांढऱ्या चादरीत आल्या होत्या.

"हे आता सुलट वाक्य आहे," ती म्हणाली. "शंभरात सत्तर. आता दार वाजवायला हरकत नाही. वाजवायला. फोडायला नाही."

गेल्या वर्षभरात तिन्ही खुणा उमटलेल्या आणि अजून जिवंत अशा सहा बायका होत्या. सहा नंबर घेऊन ती वर कपाटापाशी गेली आणि नावं-पत्ते घेऊन खाली आली. तिसरा पत्ता तिला पाठ होता. त्याच घरात ती लहानपणी बहिणीकडे राहिली होती. दाजी आपण होऊन वर आला होता.

त्या ओळीखाली दोन नव्या नोंदी होत्या, दोन्ही त्या सात महिन्यांतल्या. एक: डाव्या कानाचा पडदा फाटला, पडून. दुसरी: चौथ्या महिन्यात गर्भपात, पोटावर आघात, पडून. मी ते वाचलं आणि भिंतीवर डोकं आपटलं. चाळणी म्हणाली, "भिंत सरकारी आहे. पुन्हा कलम लागेल." हसली नाही. मीही नाही.

आम्ही आधी चौकीत कळवलं. उत्तर आलं, सोमवारी या. तो शुक्रवार होता. आम्ही दुपारी गेलो, मी, ती आणि संघटनेच्या आणखी दोघी. मी तिला शब्द दिला होता, पहिला हात उचलणार नाही.

दाजीनं दार उघडलं. हातात लांब पाना, टेबलावर कसलीतरी मोटर उघडी. "या या, मेहुणीबाई. बऱ्याच दिवसांनी वाट चुकलात."

"वाट तुम्ही चुकता, दाजी. गल्लीच्या तोंडाशी दवाखाना आहे. तुम्ही पाच दवाखाने फिरलात."

त्याचं हसू तोंडावर तसंच राहिलं, डोळे मात्र बदलले. मागे ती पोर स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ओठ फाटलेला, गळ्याभोवती पाच बोटांचे ठसे, ताजे. चाळणीनं तिच्याकडे हात केला. "चल."

"मी पडले," पोर म्हणाली. कुणी काही विचारलंच नव्हतं.

तो वळला आणि त्यानं पाना उचलला तो तिच्या डोक्यावर. चाळणी मध्ये शिरली. डावा हात वर. काठी मोडल्यासारखा आवाज आला. कोपराखाली तिचा हात नको तिथे वाकला. तरी ती खाली बसली नाही. त्यानं पुन्हा पाना उचलला, तेव्हा माझा शब्द संपला. मी त्याच्या गुडघ्यांवर झेप घेतली, तो मोटरवर आपटला, दोघी त्याच्या पाठीवर बसल्या. त्यानं माझ्या खांद्याचा लचका तोडला. मी त्याचं मनगट पिळत राहिले, पाना सुटेपर्यंत. सुटल्यावर थांबले. आयुष्यात पहिल्यांदा थांबले. तो मात्र ओरडत होता, "ही पडली! सगळे बघा, मेहुणी पडली!"

चाळणीचा चेहरा राखेसारखा झाला होता. तिनं त्या पोरीला विचारलं, "जवळचा दवाखाना कुठे आहे गं?"

पोरीनं तिच्या लोंबत्या हाताला खालून आधार दिला. मग म्हणाली, "गल्लीच्या तोंडाशी. पाच मिनिटं."

"मग चल. मला पोचव."

चाळणी पोरीला थोरलीच्या चार नोंदी सांगत चालली, मी मागून; बाकीच्या दोघी पोलीस येईपर्यंत दाजीच्या पाठीवरच बसून राहिल्या. शेजारी दारांत आले, दाजीनं ज्यांची पिंपं वाहिली होती तेच. आणि दारांतच उभे राहिले. दवाखान्याच्या खिडकीतल्या कारकुनानं वर न बघता विचारलं, "कशानं लागलं? पडून ना?" आणि पेन टेकवलंसुद्धा.

"पेन उचला," चाळणी म्हणाली. "मारलं. लोखंडी पान्यानं. बहिणीच्या नवऱ्यानं. माहिती कोणी दिली? जखमीनं, स्वतः."

मग ती बाजूला झाली आणि खिडकीची जागा त्या पोरीला दिली. पोरीनं खिडकीची कड धरली. मला वाटलं, आता पुन्हा 'पडले' म्हणणार. कारकून थांबला. मागची रांग थांबली.

"माझंही लिहा," ती म्हणाली. "मारलं. आत्ताचं एक, आणि आधीची पाच. आधीची पाच तुमच्याकडे चुकीची लिहिलीत. आणि ह्यांच्या बहिणीची चार."

उरलेल्या पाच दारांचंही सांगते. तिघी हो म्हणाल्या आणि आमच्याबरोबर आल्या. एकीनं तोंडावर दार आपटलं. आणि एक खरोखरच पडत होती, डोळ्यांत मोतीबिंदू, त्याच्या डॉक्टरासाठी दर वेळी वेगळा लांबचा दवाखाना. नवरा बिचारा तिच्यासाठी बोलत होता, कारण तिला ऐकूही कमी यायचं. आम्ही पाणी प्यायलो, माफी मागितली, बाहेर पडलो. सगळी हाडं शाबूत. दाजी आत आहे, खटला चालू आहे. ती पोर संघटनेच्या खोलीत राहते आणि डाव्या बाजूनं बोललेलं तिला ऐकू येत नाही.

पुढच्या आठवड्यात तळघरात पिवळ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा आला. त्यात एक चिठ्ठी स्त्रीची, डाव्या हाताची दोन्ही हाडं. चाळणीनं प्लास्टरचा हात मांडीवर ठेवला आणि उजव्या हाताच्या एका बोटानं ती स्वतः टाईप केली. कारण: मारहाण. टाईप करणार: सतरा. मग बहिणीच्या नंबराच्या चार ओळी उघडल्या. जुनी ओळ बदलायचा अधिकार टायपिस्टला नसतो. त्या चार ओळी आजही 'पडून' आहेत. अशा किती असतील, ते मशीन सांगू शकत नाही. मशीनला तेवढंच कळतं, जेवढं खिडकीत कुणीतरी खरं बोलतं.

म्हणून तुमच्याकडे एकच मागणं आहे. लाटणं उचलू नका, ते मी उचलून बघितलंय. तुमच्या जिन्यावर, तुमच्या भिंतीपलीकडे कोणी 'पडली' असं ऐकलंत, तर आज, हा कागद खाली ठेवल्यावर, नवरा जवळ नसताना तिला एकटीला गाठा आणि हळू आवाजात विचारा: जवळचा दवाखाना सोडून लांब का गेलीस गं? आणि ती बोलेपर्यंत तिथेच उभे राहा.